ई-मेलचे अडकलेले कनेक्शन आणि वाट पाहण्याची मुद्दत

कापडाच्या व्यापारात आता कागदी ऑर्डर जवळजवळ संपली. भाव फोनवर ठरतो, नमुना माणूस घेऊन जातो, परंतु पिक किती, पन्हा किती, माल कोणत्या तारखेला हवा, हे सर्व ई-मेलने येते आणि पुढे वाद झाला तर तोच पुरावा धरला जातो. अशा वेळी दुकानातील संगणकाने ई-मेल आणणे थांबवले आणि थांबवल्याचे सांगितलेही नाही, तर काय होते, याचा अनुभव आम्ही २०१९ साली घेतला आहे. त्या अनुभवाच्या निमित्ताने या बिघाडाची माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा बिघाड एका दुकानाचा नाही. ज्याच्याकडे सर्व्हरवरून टपाल उतरवून घेणारे सॉफ्टवेअर आहे, त्या प्रत्येकाकडे तो केव्हा ना केव्हा येतो.

आमच्या दुकानातील व्यवस्था साधी होती. टपाल ज्या कंपनीच्या सर्व्हरवर येते तेथून दर पाच मिनिटांनी सर्व पत्रे आमच्या संगणकावर उतरवून घ्यायची आणि आम्ही लिहिलेली पत्रे तिकडे चढवायची. दोन्हीकडे एकच हिशेब राहावा, एकीकडे वाचलेले पत्र दुसरीकडेही वाचलेले दिसावे, यालाच सिंक्रोनायझेशन म्हणतात. इंटरनेट बंद असले तरी जुनी पत्रे दुकानात हाताशी राहतात, हा त्याचा मोठा फायदा. ही व्यवस्था आमच्या भाच्याने लावून दिली होती. दोन वर्षे ती बिनतक्रार चालली.

एका शनिवारी दुपारी वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली. संगणक बॅटरीवर होता, तो बंद पडला नाही. राऊटरला मात्र बॅटरी नव्हती. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्याच संध्याकाळी आमच्या एका ग्राहकाने ई-मेल केला की पिक ५२ ऐवजी ५६ ठेवा. तो ई-मेल आम्ही मंगळवारी दुपारी पाहिला. दरम्यान १६ मागांवर अडीच हजार मीटरच्या आसपास कापड ५२ पिकचे निघून गेले होते. ग्राहकाचे बरोबर होते. त्याने वेळेवर कळवले होते, तारीख आणि वेळ त्याच्या पत्रावर होती. सर्व्हरवर पत्र शनिवारपासून पडून होते. आमच्या संगणकावर मात्र सॉफ्टवेअर 'सुरू आहे' असेच दाखवत होते.

भाचा आला, पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "मामू, मशीन बंद नाही पडलं. शनिवारपासून जबाबाची वाट बघत बसलंय."

आम्ही विचारले, "कोणाच्या जबाबाची?"

"जो आता येणारच नाही, त्याच्या."

कनेक्शन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तार येते. तार तुटली की दिवा विझावा, तसे कनेक्शन तुटले की संगणकाला कळावे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात इंटरनेटवरील कनेक्शन ही तार नव्हे. ती दोन ठिकाणच्या वह्यांतील नोंद आहे. आमच्या संगणकाने आपल्या वहीत लिहिले की अमुक सर्व्हरशी खाते उघडे आहे. सर्व्हरने आपल्या वहीत लिहिले की अमुक संगणकाशी खाते उघडे आहे. देवाणघेवाण नसेल तेव्हा या दोहोंमध्ये तारेवरून काहीही जात नाही. एक अक्षरही नाही. ज्या टीसीपी नियमावर हे सर्व चालते तो १९८१ साली लिहिला गेला आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्या नियमात गप्प राहणे हा दोष नाही. दोन पक्ष तासन्तास गप्प राहिले तरी खाते उघडेच असते. आमच्या बाजाराला हे अनोळखी वाटू नये. वर्षभर व्यवहार नसलेली किती खाती आपल्या खतावणीत उघडी पडलेली असतात!

आता यात तिसरी वही येते, ती राऊटरची. घरातील किंवा दुकानातील अनेक यंत्रे एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेट वापरतात. बाहेरून आलेले पाकीट आत कोणत्या यंत्राला द्यायचे, याची नोंद राऊटर ठेवतो. वीज गेली की ती वही पुसली जाते. वीज न जाताही, बराच वेळ देवाणघेवाण झाली नाही तर राऊटर ती नोंद आपणहून काढून टाकतो. २००८ साली यासाठी जो नियम ठरला त्यात म्हटले आहे की चालू टीसीपी कनेक्शनची नोंद किमान २ तास ४ मिनिटे तरी ठेवावी. परंतु नियम पाळणारे सर्वच नसतात. काही यंत्रे काही मिनिटांतच नोंद विसरतात. आणि विसरल्याचे दोन्ही पक्षांना कळवण्याची तसदी बहुतेक वेळा कोणी घेत नाही.

शनिवारी असे झाले. आमच्या संगणकाने सर्व्हरला प्रश्न केला, त्याच सुमारास वीज गेली, राऊटरची वही पुसली गेली. सर्व्हरने जबाब पाठवला असेल, तो आत पोहोचला नाही. सर्व्हरने काही वेळ पुन्हा पुन्हा पाठवून पाहिले आणि मग आपल्याकडील खाते बंद केले. आमचा संगणक मात्र ऐकण्याच्या बाजूला होता, आणि या सगळ्या भानगडीत हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. जो पाठवतो त्याला पोचपावती हवी असते. ती आली नाही की तो पुन्हा पाठवतो, दर वेळी दुप्पट थांबून, आणि शेवटी हार मानतो. लिनक्स प्रणालीत हे सुमारे १५ मिनिटे चालते. परंतु जो केवळ ऐकत बसला आहे त्याला काहीच पाठवायचे नसते. त्यामुळे त्याची कोणतीही पावती चुकत नाही आणि हार मानण्याचे कारणच त्याच्यापुढे येत नाही. तो सोमवारपर्यंत बसेल, नाहीतर पुढच्या ईदपर्यंत बसेल.

येथे जाणकार वाचक म्हणतील की यावर उपाय म्हणून 'कीप-अलाइव्ह' नावाची सोय टीसीपीतच आहे. बरोबर आहे. गप्प असलेल्या पक्षाला मधूनमधून खाकरून पाहावे, अशी ती सोय आहे. परंतु १९८९ च्या नियमपत्रात दोन अटी घातलेल्या आहेत. एक, ही सोय मुळात बंद असावी, ज्या सॉफ्टवेअरला हवी असेल त्याने ती मागून घ्यावी. दुसरी, न सांगता ठरणारी मुद्दत दोन तासांहून कमी नसावी. लिनक्समध्ये पहिली हाक ७२०० सेकंदांनी, मग दर ७५ सेकंदांना एक अशा ९ हाका. म्हणजे सोय चालू असली तरी पलीकडचा पक्ष गेला हे कळायला २ तास ११ मिनिटे १५ सेकंद लागतात. हे आकडे बदलता येतात, पण बदलतो कोण? आमच्या सॉफ्टवेअरने तर ही सोय मागितलीच नव्हती.

तेव्हा मुद्दत सॉफ्टवेअरनेच ठरवली पाहिजे. इंग्रजीतला टाइमआउट तो हाच. व्यापारात आपण दलालाला सांगतो की चार वाजेपर्यंत होय किंवा नाही कळव, चारनंतर माल दुसऱ्याला दिला असे समज. चार वाजता दलाल गप्प राहिला तर तो जिवंत आहे की आजारी आहे, त्याचा फोन बिघडला आहे की मन बदलले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. गप्प राहण्यातून कारण कळत नाही. संगणकालाही कळत नाही. सर्व्हर मेला, राऊटर विसरला, केबल कापली गेली किंवा सर्व्हर फक्त दमला आहे, ही चारही कारणे या बाजूने पाहता अगदी एकसारखी दिसतात.

असे असूनही अनेक कार्यक्रम मुद्दतीविना लिहिले जातात, याचे कारण आळस एवढेच नाही. पायथन ही भाषा घ्या, ती आज फार चालते. त्या भाषेत नेटवर्कवर ऐकायला बसताना मुद्दत दिली नाही तर ती अमर्याद धरली जाते. कार्यक्रम लिहिणारा आपल्या टेबलावर चांगल्या लाइनवर तो चालवून पाहतो. तेथे जबाब नेहमी येतो. मुद्दतीची उणीव दिसायला भिवंडीची दुपार आणि गेलेली वीज लागते.

ई-मेल उतरवणाऱ्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये ही बाब कशी हाताळली आहे ते पाहण्यासारखे आहे. ऑफलाइनआयमॅप हे २००२ च्या सुमारास जॉन गोर्झन यांनी सुरू केलेले, पायथनमध्ये लिहिलेले सॉफ्टवेअर. त्यात 'सॉकटाइमआउट' नावाची ओळ आहे, पण ती वापरणाऱ्याने स्वतः चालू करावी लागते. नमुन्याच्या फाइलमध्ये तेथे ६० सेकंद लिहिलेले आहेत. एमबीसिंक नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच सांगितले नाही तर २० सेकंद धरतात, शून्य लिहिले तर अमर्याद. फेचमेल हे त्यांच्याहून जुने, त्यात ३०० सेकंद म्हणजे ५ मिनिटे. फेचमेलची एक रीत आम्हाला विशेष आवडली. एखाद्या सर्व्हरशी लागोपाठ फार वेळा मुद्दत संपली तर ते त्या सर्व्हरला अडकलेला समजते, प्रयत्न थांबवते आणि तसे मालकाला पत्र टाकून कळवते. नोकर असा असावा. थंडरबर्ड हे पुष्कळ दुकानांतून वापरले जाते, त्यात ही मुद्दत १०० सेकंदांची येते आणि ती बदलता येते.

कोणता आकडा बरोबर? २०, ६०, १०० की ३००? या प्रश्नावर आम्ही भाच्याशी बराच वाद घातला. आमचे म्हणणे होते की १० सेकंद ठेव, आपल्याला घाई आहे. त्याने उदाहरण दिले. पेटीत तीस-चाळीस हजार पत्रे असली आणि त्यांत काही शोधायला सांगितले तर सर्व्हर जिवंत असूनही अर्धा मिनिट गप्प राहू शकतो. आपण १० सेकंदांत उठून गेलो तर पुन्हा पहिल्यापासून तोच प्रश्न, पुन्हा १० सेकंद, पुन्हा उठणे. काम कधीच पुरे होणार नाही, आणि सर्व्हरवर ओझे मात्र वाढत जाईल. मुद्दत नसणे वाईट आणि फार आखूड मुद्दतही वाईट. शेवटी ६० वर तडजोड झाली, आणि आजतागायत ती चालू आहे.

दुसरा बारीक मुद्दा असा की ही ६० सेकंदांची मुद्दत कशाची? संपूर्ण कामाची नव्हे, गप्प राहण्याची. एखाद्या ग्राहकाने डिझाइनचे २० एमबीचे चित्र पाठवले आणि लाइन मंद असली तर ते उतरायला दहा मिनिटे लागतील. तुकडे येत आहेत तोपर्यंत घड्याळ प्रत्येक तुकड्यासरशी पुन्हा शून्यावर आले पाहिजे. ६० सेकंदांत एकही तुकडा आला नाही, तरच उठावे. परंतु यातही एक पळवाट राहते. दर ५५ सेकंदांना एक-एक अक्षर टपकत राहिले तर हे घड्याळ कधीच वाजणार नाही. म्हणून बाहेरून आणखी एक मोठी मुद्दत लावावी लागते, की संपूर्ण फेरी अर्ध्या तासात संपली नाही तर ती बंद करा. लिनक्सवर त्यासाठी 'टाइमआउट' नावाचीच आज्ञा आहे. ती आधी कार्यक्रमाला नम्रपणे थांबायला सांगते, आणि तशी सूचना दिलेली असेल तर न ऐकणाऱ्याला थोड्या वेळाने जबरदस्तीने बंद करते.

ही बाहेरची मुद्दत आमच्याकडे नव्हती, आणि त्यामुळेच एका अडकलेल्या फेरीचे तीन दिवस झाले. दर पाच मिनिटांनी क्रॉन नावाचा पहारेकरी नवीन फेरी सुरू करीत होता. नवीन फेरी पाही की आधीची फेरी अजून चालू आहे, कुलपाची फाइल जागेवर आहे. दोघांनी एकाच वहीत लिहू नये म्हणून हे कुलूप असते आणि ते योग्यच आहे. तेव्हा नवीन फेरी गुपचूप परत जाई. शनिवार ते मंगळवार अशा आठशेच्या वर फेऱ्या आल्या आणि परत गेल्या, आणि कोणीही ओरडले नाही. प्रत्येक जण आपापल्या नियमाने बरोबर वागत होता.

मुद्दत संपली, कनेक्शन तोडले. आता पुढे काय? पुन्हा जोडायचे. परंतु अर्धवट राहिलेल्या कामाचे काय? येथे पाठवणे आणि आणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि व्यापाऱ्याने तो समजून घेतलाच पाहिजे.

आणण्याच्या बाजूला काम सुरक्षित आहे. आयमॅप पद्धतीत, जी मार्क क्रिस्पिन यांनी १९८० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये तयार केली, प्रत्येक पेटीतील प्रत्येक पत्राला एक क्रमांक असतो. तो चढत्या क्रमाने दिला जातो आणि दुसऱ्या पत्राला पुन्हा दिला जात नाही. सर्व्हरला नाइलाजाने क्रमांक नव्याने घालावे लागले तर पेटीचा दुसरा एक आकडा बदलतो आणि जुना हिशेब रद्द झाल्याचे कळते. त्यामुळे ४१२ पर्यंत उतरले असतील तर पुन्हा जोडल्यावर ४१३ पासून मागावे, गोंधळ होत नाही. इकडे संगणकावर मेलडिर नावाच्या रचनेत पत्र आधी तात्पुरत्या कप्प्यात पूर्ण लिहिले जाते आणि पुरे झाल्यावरच 'नवीन' कप्प्यात सरकवले जाते. मध्येच वीज गेली तरी अर्धे पत्र पूर्ण म्हणून समोर येत नाही. जुन्या पॉप पद्धतीत वेगळी खबरदारी आहे. पत्र पुसण्याचा हुकूम दिला तरी शेवटी रीतसर निरोप घेतल्याशिवाय सर्व्हर काहीही पुसत नाही. कनेक्शन मध्येच तुटले तर सगळी पत्रे तशीच राहतात. कधी कधी तीच पत्रे दुसऱ्यांदा उतरतात, ते यामुळे. त्रास होतो, पण नुकसान नाही.

पाठवण्याच्या बाजूला मात्र खरी जोखीम आहे. आपण पत्र पूर्ण पाठवले, शेवटचा पूर्णविरामही पाठवला, आणि सर्व्हरच्या 'मिळाले' या जबाबाची वाट पाहतो आहोत. जबाब आला नाही. पत्र गेले की नाही? दोन्ही शक्य आहे. सर्व्हरने पत्र स्वीकारले असेल, पुढे रवानाही केले असेल, फक्त जबाब वाटेत हरवला असेल. आपण पुन्हा पाठवले तर तेच पत्र दोनदा जाईल. आता ते पत्र '२०० तागे पाठवा' असे असले तर? समोरच्या मुनीमाने दोन ऑर्डरी समजून ४०० तागे टेम्पोत भरले, तर भाडे कोणी भरायचे?

हा प्रश्न नवा नाही. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ साली एका छोट्या नियमपत्रात नेमकी हीच अडचण मांडली होती. जबाब देण्याआधी सर्व्हर फार वेळ घेत बसतो, तेवढ्यात पाठवणारा कंटाळतो आणि दुसरी प्रत निघते. त्यांचे सांगणे असे की सर्व्हरने पत्र हाती आले की आधी पावती द्यावी, बाकीची कामे नंतर करावीत. आज लागू असलेल्या नियमात पाठवणाऱ्याने या शेवटच्या जबाबासाठी किमान १० मिनिटे थांबावे असे सांगितले आहे. इतर टप्प्यांपेक्षा ही मुद्दत मोठी आहे आणि ती मुद्दाम मोठी ठेवली आहे. तेव्हा 'सर्व ठिकाणी ६० सेकंद' असे सरसकट करू नये. आणताना ६० चालतील, पाठवताना शेवटच्या पायरीवर धीर धरावा.

पाठवलेल्या पत्राची नक्कल सर्व्हरच्या 'सेंट' पेटीत चढवतानाही असाच प्रकार होतो. नक्कल चढली, पण पावती आली नाही. चांगली सॉफ्टवेअर त्यासाठी खूण घालतात. एमबीसिंक पत्राच्या माथ्यावर 'एक्स-टीयूआयडी' नावाची एक ओळ घालते. सर्व्हरने नवा क्रमांक कळवला नाही तर ती खूण पेटीत शोधून पत्र पोहोचले की नाही ते ठरवता येते. ऑफलाइनआयमॅपचीही अशीच एक ओळ आहे. आपल्या भाषेत, बिलटीवर लॉट नंबर टाकण्यासारखे. आम्ही स्वतः तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरच्या पत्रावर, विषयाच्या ओळीत, आमचा ऑर्डर क्रमांक घालतो. दोनदा गेले तरी मुनीमाला कळते की ऑर्डर एकच आहे. हा उपाय करायला भाचा लागत नाही.

पुन्हा जोडण्याची घाईही मोजून करावी. वीज आली की एका गल्लीतील सगळे संगणक एकदमच सर्व्हरच्या दारावर जातात. नकार मिळाला की लगेच दुसरा धक्का, मग तिसरा, असे केले तर दमलेला सर्व्हर अधिक दमतो. म्हणून पहिल्यांदा पाच-दहा सेकंद, मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट, असे अंतर वाढवत जावे, एका हद्दीपर्यंत. त्यात थोडा कमीजास्तपणाही ठेवावा, म्हणजे सगळे एकाच क्षणी परतणार नाहीत. शिवाय एक अडचण आहे ती पुष्कळांना ठाऊक नसते. आपण आपल्या बाजूने मेलेले कनेक्शन सोडून दिले तरी सर्व्हरच्या वहीत ते काही काळ उघडेच दिसते. जीमेल एका खात्यावर एका वेळी आयमॅपची १५ कनेक्शने चालू देते. दुकानात तीन संगणक, दोन मोबाइल, आणि प्रत्येकाची दोन-तीन मेलेली कनेक्शने असे झाले की कोटा भरतो आणि नवीन धडधाकट कनेक्शनला नकार येतो. लोक समजतात पासवर्ड चुकला. पासवर्ड बदलून काही होत नाही. थोडा वेळ थांबावे लागते.

काही सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी फेरी मारण्याऐवजी कनेक्शन उघडे ठेवून बसते आणि पत्र आले की सर्व्हरच हाक मारतो. १९९७ च्या नियमपत्रात ही 'आयडल' नावाची सोय आली. पत्र लगेच दिसते म्हणून ती चांगली, परंतु यात गप्प राहणे हाच धंदा असल्यामुळे अडकण्याचा धोका सर्वांत जास्त. आयमॅपचा सर्व्हर गप्प ग्राहकाला किमान ३० मिनिटे ठेवून घेतो, त्यानंतर बाहेर काढू शकतो. म्हणून त्या नियमपत्रात सांगितले आहे की दर २९ मिनिटांनी तरी आयडल संपवून पुन्हा सुरू करावी. पण राऊटर १० मिनिटांतच विसरणारा असला तर २९ मिनिटांचा काय उपयोग? डव्हकॉट नावाचा सर्व्हर यासाठी दर दोन मिनिटांनी 'अजून येथेच आहे' असा निरोप आपणहून पाठवतो, आणि राऊटरची आठवण ताजी राहते. जेथे सर्व्हर असे करीत नाही तेथे सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर पाच-नऊ मिनिटांवर आणलेले बरे. मोबाइलवर बॅटरी लवकर उतरते, ती किंमत आहे.

आता दुकानदाराने काय पाहावे? पडद्यावर फिरणारे चक्र पाहू नये. चक्र फिरते याचा अर्थ फक्त इतकाच की ते फिरवणारा भाग जिवंत आहे. विचारण्याचा प्रश्न एकच, शेवटची फेरी यशस्वीपणे कधी पूर्ण झाली? ही वेळ जे सॉफ्टवेअर दाखवत नाही ते आमच्या मते दुकानात ठेवण्यालायक नाही. भाच्याने आमच्याकडे असे केले आहे की फेरी पूर्ण झाली की एका फाइलवर वेळ नोंदली जाते, आणि ती वेळ अर्ध्या तासाहून जुनी झाली की पडद्यावर मोठ्या अक्षरांत तसे दिसते. अडकलेल्याला अडकल्याचे स्वतःला कळत नाही, म्हणून पाहणारा वेगळा ठेवला.

आणि एकदा परीक्षा घ्यावी. संगणकाची स्वतःची केबल काढून नव्हे, कारण काही संगणकांना ती निघाल्याचे लगेच कळते आणि परीक्षा खोटी ठरते. राऊटरला बाहेरून येणारी लाइन फेरी चालू असताना काढावी, राऊटर बंद करून पुन्हा चालू करावा, लाइन परत जोडावी आणि घड्याळ लावून बसावे. किती वेळात सॉफ्टवेअर हार मानते, पुन्हा जोडते आणि तोपर्यंत आलेले पत्र उतरवते, ते मोजावे. आमच्याकडे पहिल्या परीक्षेत एक तास वाट पाहून आम्हीच उठलो. मुद्दती लावल्यानंतर दोन मिनिटांच्या आत पत्र आले. राऊटरसाठी एक लहानशी बॅटरीही घेतली, तिची किंमत एका ताग्याच्या नफ्याहून जास्त नसेल.

५२ पिकचे ते कापड दोन महिने गोदामात पडून होते. मग एका अस्तरवाल्याने ते मीटरमागे दोन रुपये कमी देऊन उचलले. ग्राहकाला ५६ पिकचा माल नऊ दिवस उशिरा गेला. तो अजून आमच्याकडूनच घेतो, पण ऑर्डर बदलली की ई-मेल टाकून वर फोनही करतो.